नोंद कोण करणार?



 ग्रंथपाल संघाच्या या अधिवेशनाच्या निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘समाजमाध्यमे आणि ग्रंथपाल : एक आढावा’ असा छापला आहे. तेव्हा आढावा आधी घेऊ.

मायकेल केसी या अमेरिकी ग्रंथपालाने २००५ साली वाचकांच्या सहभागाने चालणाऱ्या ग्रंथालयासाठी ‘लायब्ररी २.०’ हा शब्द रूढ केला. त्याच वर्षी टिम स्पाल्डिंग यांचे ‘लायब्ररीथिंग’ सुरू झाले आणि सामान्य वाचक घरच्या पुस्तकांची सूची तिथे करू लागले. २००६ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘तेवीस गोष्टी’ नावाचा नऊ आठवड्यांचा उपक्रम आखला. त्यात प्रत्येकाने स्वतः करून बघत शिकायचे होते. छायाचित्र चढवा, त्याला खूणशब्द लावा, विकीवर भर घाला. सगळे पुरे करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर मिळे. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी तो उपक्रम उचलला. आपल्याकडे फेसबुक आले, मग व्हॉट्सॲप आले. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत ग्रंथालयांना कुलूप लागले ते महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला उघडण्याची मुभा मिळेपर्यंत, आणि त्या काळात पुष्कळ वाचनालयांचे देवघेवीचे टेबल फोनमध्येच होते.

आढावा इथे थांबतो. प्रस्तुत वक्ता गेली अनेक वर्षे संघाच्या अधिवेशनांत मागच्या रांगेत बसून एक तक्रार मनात बाळगून आहे. आज ध्वनिक्षेपक हाती आला आहे, तर ती पुरती मांडल्याशिवाय तो खाली ठेवणार नाही.

ही साधने ग्रंथपालाला शिकवली गेली ती दवंडी पिटण्यासाठी. लोकांना विचारण्यासाठी त्यांचा उपयोग करायला त्याला कोणी शिकवले नाही. कार्यशाळा झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली. आज कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयाचे पान उघडावे. पुष्पगुच्छ स्वीकारणारे पाहुणे, दीपप्रज्वलन, जयंतीचे हार, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे. यात वाईट काही नाही, पण हे काम कोणताही हौशी कार्यकर्ता करू शकतो. त्यासाठी वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकलेला माणूस कशाला हवा? ग्रंथपालाचे काम वेगळे आहे. समोर आलेली वस्तू कोणती, ती कोणाची, कधीची, हे ठरवायचे आणि पुढच्या माणसाला ती सापडेल अशी नोंद करायची. समाजमाध्यमांवर आज सगळ्यात मोठा अभाव याच कामाचा आहे आणि नेमका तोच माणूस तिथे शुभेच्छापत्रे बनवत बसला आहे.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने काय केले ते बघण्यासारखे आहे. १६ जानेवारी २००८ रोजी तिने आपल्या संग्रहातली सुमारे तीन हजार छायाचित्रे ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. त्यांतली निम्मी बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेची होती. काचेच्या निगेटिव्हवर कोणीतरी घाईत खरडलेले एखादे आडनाव, यापलीकडे अनेकांची ओळख नव्हती. ग्रंथालयाने ती लोकांपुढे मांडली आणि काही माहीत असेल तर सांगा म्हटले. लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांतले मजकूर शोधले, पाट्या वाचल्या, इमारती ओळखल्या, चुकीची नावे दुरुस्त केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सात हजारांवर अभिप्राय आले होते. त्यांतून तपासून ग्रंथालयाने पाचशेहून अधिक तालिका-नोंदींत नवी माहिती घातली. अयोग्य म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर? पंचवीस वेळासुद्धा नाही.

काल दुसऱ्या सत्रात एका विद्वान मित्राने ठासून सांगितले की वाचकांना लिहू दिले तर कचरा जमतो. वरचा आकडा त्यांच्यासाठी आहे. तो परका वाटत असेल तर घरचे उदाहरण घ्यावे.

कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात एक ग्रंथपाल बाई आहेत. संस्था जुनी, शासनाच्या वर्गवारीत ‘ब’. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत छायाचित्रांचा गठ्ठा निघाला. त्यांतल्या एकात नाटकाच्या वेशातली दहा-बारा मंडळी रस्त्यावर उभी होती आणि मागे स्टुडिओचा शिक्का सोडल्यास एक अक्षर नव्हते. बाईंनी ते सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि खाली लिहिले, ‘हे कोण आहेत?’ उत्तरादाखल अंगठे आले, फुले आली, हात जोडलेले आले. ‘सुंदर आठवण’ असे पुष्कळांनी लिहिले. माहिती शून्य.

बाई खचल्या नाहीत. त्यांनी चित्राचे तुकडे केले. एक दिवस फक्त उजव्या कोपऱ्यातली अर्धी पाटी मोठी करून टाकली आणि विचारले, ‘हे दुकान कोणाचे? बाजारपेठेत कुठे होते?’ तासाभरात तीन उत्तरे आली. तिघांचे दुकानाच्या नावावर एकमत होते. त्यांतल्या एकाने सांगितले की एस.टी. स्टँड झाल्यावर ते दुकान वरच्या आळीत गेले. म्हणजे छायाचित्र स्टँडच्या आधीचे. दुसऱ्या दिवशी डावीकडून दुसऱ्या गृहस्थांचा नुसता चेहरा. तो चेहरा गटावरून पुढे पुढे जात ठाण्याला पोचला आणि तिथून एका आजींचा आवाजी निरोप आला : हा माझा थोरला भाऊ, हा प्रयोग हायस्कूलच्या इमारतीच्या मदतीसाठी होता, लुगडे नेसलेला आहे तो पोस्टातला कारकून.

खरे ग्रंथपालपण दिसले ते यानंतर. बाईंनी आजींचे बोलणे जसेच्या तसे खरे मानले नाही. संस्थेच्या कार्यकारी मंडळाची जुनी इतिवृत्ते काढली. प्रयोगासाठी वाचनालयाच्या खुर्च्या दिल्याचा ठराव तारखेसह सापडला. मग त्यांनी नोंदवहीत लिहिले : छायाचित्रात काय आहे, कोणी ओळखले, कोणत्या दिवशी, कशाच्या आधारे, आणि कोणती नावे अजून अनिश्चित आहेत. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आखला. संदर्भसेवेची कितीही व्याख्याने ऐकली तरी असा रकाना सुचत नाही. तो टेबलावर काम करताना सुचतो.

उलटही घडते. त्याच गटावर एका पुढच्या छायाचित्रात खादीची टोपी घातलेले एक सडपातळ गृहस्थ दिसताच कोणीतरी लिहिले, ‘साने गुरुजी आपल्या वाचनालयात!’ पाठोपाठ पंचवीस-तीस जणांनी माना डोलावल्या. स्थानिक वार्ताहराने बातमीही लिहायला घेतली. बाईंनी चित्र मोठे केले, तर पाहुण्यांच्या मागच्या भिंतीवर कोनशिला होती आणि ती कोनशिला १९५३ ची. गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे. बाईंनी गटावर तारखा तेवढ्या लिहिल्या, कोणाला दुखावले नाही. ज्याने पहिला दावा केला होता त्यानेच नंतर पाहुण्यांचे खरे नाव शोधून आणले. गर्दी चुकते, म्हणून ग्रंथपालाने तिथून निघून जायचे की तिथे बसून राहायचे? कालच्या वादाचे उत्तर या कोनशिलेवर कोरलेले आहे.

आता दुसरा वाद. कामाच्या वेळेत ग्रंथपालाने मोबाइल हातात घ्यावा की नाही? प्रस्तुत वक्त्याने वाचनालयांची अशी कार्यकारी मंडळे पाहिली आहेत की ज्यांनी ‘देवघेवीच्या टेबलावर मोबाइल दिसता कामा नये’ असे लेखी कळवले आणि त्याच महिन्यात संस्थेचे फेसबुक पान रोज हलते ठेवण्याचाही आग्रह धरला. मग ते काम रात्री घरी, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात तर बहुधा एकच माणूस झाडण्यापासून अनुदानाच्या कागदांपर्यंत सगळे करतो. त्याने शिकायचे कधी? शार्लटच्या उपक्रमातली घेण्यासारखी गोष्ट बक्षिसाचा प्लेअर नव्हती. शिकणे हे नोकरीचाच भाग आहे, ते कामाच्या जागी हाताळून, चुकतमाकत व्हायचे, हे तिथल्या व्यवस्थापनाने मान्य केले होते. आपल्याकडे एका दिवसाची कार्यशाळा, दुपारी जेवण, चारला प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मोबाइलबंदी.

याची किंमत काय पडते तेही सांगितले पाहिजे. प्रस्तुत वक्ता एकदा एका वाचनालयात गेला असता तिथल्या नव्या ग्रंथपालाने हताशपणे सांगितले की आधीच्या गृहस्थांनी वाचकांकडून गावाचा मोठा इतिहास जमवला होता. देवळाचे जुने फोटो, मिलच्या संपाची पत्रके, बंद पडलेल्या हस्तलिखित नियतकालिकांचे अंक. सगळे त्यांच्या स्वतःच्या फोनमधल्या गटात. ते निवृत्त झाले, फोन बदलला, गट विखुरला. दाखल नोंदवहीत त्यातली एक ओळ नाही. त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. संस्थेने त्यांना ना फोन दिला होता, ना संस्थेच्या नावाचा क्रमांक, ना नोंदीसाठी एक तास.

पुस्तकाला वाळवी लागू नये म्हणून जीव टाकणारी माणसे माहितीला लागलेली ही वाळवी कशी सहन करतात, हे प्रस्तुत वक्त्याला आजवर कळलेले नाही. ऑर्कुटवर मराठी वाचकांचे केवढे समुदाय होते, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला मिटले. फ्लिकर विकले गेले आणि नव्या मालकांनी फुकट खात्यांवर हजार छायाचित्रांची मर्यादा घातली. सगळे जाहीर ट्वीट जतन करण्याचा करार २०१० मध्ये करणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेच २०१८ पासून निवडक ट्वीट घेण्याचे धोरण धरले. समाजमाध्यमांची ही चावडी कधी उठेल याचा नेम नाही. तिथे बसून लोकांशी बोलावे आणि जे हाती लागेल ते संध्याकाळच्या आत आपल्या वहीत, आपल्या ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ या संगणकप्रणालीत आणावे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये वाचकाचा वेळ वाचवण्याची गोष्ट सांगितली, ती आपण दर १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला आठवतो. वाचकाला जे ठाऊक आहे ते वाचवण्याची गोष्ट कोणी बोलत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इतक्या जुन्या परंपरेच्या या प्रांतात गावोगावच्या कपाटांत निनावी चेहरे पडून आहेत आणि ते ओळखणारी माणसे ऐंशी-नव्वदीची आहेत. ती फोन वापरतात, नातवंडांशी बोलतात, आवाजी निरोप पाठवतात. त्यांना प्रश्न विचारणारा ग्रंथपाल तेवढा हवा आहे. पुढच्या अधिवेशनापर्यंत त्यांतल्या कितीजणांना विचारता येईल, या विचाराने झोप उडते.

प्रथेप्रमाणे संघापुढे काही कामे ठेवायची असतात. प्रत्येक वाचनालयाने संस्थेच्या नावाचा एक दूरध्वनी क्रमांक घ्यावा. आठवड्यातला एक तास विचारण्याला आणि नोंदीला द्यावा आणि तो हजेरीपटावर कामाचा तास म्हणून धरावा. दरवर्षी १५ जानेवारीला, विकिपीडियाच्या वाढदिवशी, जगभरचे ग्रंथपाल २०१६ पासून ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ या मोहिमेत लेखांना आधार जोडू लागतात. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याच्या लेखाला एक भक्कम संदर्भ जोडण्याइतके साहित्य इथल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. नोंदीचा समान नमुनाही लागेल. त्याचे रकाने कोणते, छायाचित्रांच्या हक्कांचे काय, जिवंत माणसांच्या नावांबाबत कोणती काळजी घ्यायची, हे प्रश्न सोपे नाहीत. त्यांसाठी एक छोटी समिती नेमावी आणि तीत टेबलावर बसणारे निर्गम सहायक निम्मे तरी असावेत.

आठवड्याच्या त्या एका तासाचा ठराव दुपारच्या खुल्या सत्रात मांडला जाणार आहे. कार्यकारी मंडळांचे जे प्रतिनिधी सभागृहात आहेत, त्यांनी जेवणानंतर परत यावे आणि हात वर करून सांगावे, हा तास देणार की नाही.