रयतेचे औषधपाणी : सरकारी की खाजगी?

(चावडीपुढे भरलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



आजारी पडल्यावर माणसाने सरकारी दवाखान्यात जावे की खाजगी, यावर दोन शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. सभेस येताना लोहाराच्या भात्यापाशी चौघे बसले होते, त्यांनाच मी हा सवाल केला. तिघे म्हणाले, "सरकारीत काही खरे नाही." चौथा म्हणाला, "खाजगीत गेलो की बैल गेला." चौघेही खरे बोलले. मग रयतेने जावे तरी कोठे?

आधी माझ्या घरची हकीकत सांगतो. २०१४ सालच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावास भुईमुगाच्या रानात घोणस चावली. आम्ही त्यास मोटारसायकलीवर मध्ये बसवून आरोग्य केंद्रात नेले. दिवेलागण झाली होती. डॉक्टर जागेवर नव्हते. नर्सबाई होत्या, त्यांनी पाय हलवू देऊ नका म्हणून बजावले आणि औषधाच्या कपाटाकडे नुसते पाहिले. कपाटास कुलूप. किल्ली ज्याच्या खिशात तो गृहस्थ तालुक्यास गेलेला. तेथून निघालो ते शहरातल्या खाजगी इस्पितळात. तेथे डॉक्टर होता, औषध होते, दिव्यांचा लखलखाट होता. पण आधी वीस हजार अनामत ठेवा म्हणाले. रात्री अकरा वाजता शेतकऱ्याच्या घरी वीस हजार कोठले? वहिनीच्या गळ्यातले उतरले, तेव्हा सुई टोचली. भाऊ वाचला. ज्या डॉक्टराने वाचविले त्याचे उपकार मी विसरलो नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु बारा दिवसांत एक लाख बारा हजार झाले. बैलजोडी गेली, ती आजपावेतो परत आली नाही. आणि महिन्याभराने आम्हास कळले की, आरोग्य केंद्राच्या त्या कुलूपबंद कपाटात सापाच्या विषावरील औषधाच्या कुप्या त्या रात्रीही होत्या!

बंधूंनो, ते औषध फुकट द्यावयाचे होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर ते एकच औषध चालते. ते तयार झाले, गाडीतून आले, नोंदवहीत चढले, कपाटात ठेवले गेले. सरकारचे सारे काम झाले. फक्त किल्ली तेवढी राहिली.

यावर शहाणी माणसे म्हणतात, "सरकारी कारभार असाच चालायचा. हे सारे खाजगीकडे देऊन टाका." या मंडळींस माझे उत्तर आहे डॉक्टर हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याच्या घरी हा पुरुष जन्मला. १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो नोकरीस लागला. कोकणात लाल विंचू फार. भात कापणाऱ्याला, गवताचा भारा उचलणाऱ्याला, अंथरुणावरच्या पोराला तो डसे. अंगाला घाम सुटे, छातीत पाणी भरे आणि धडधाकट माणूस दोन दिवसांत जाई. त्यावर औषध असे नव्हते. भगत होता, अंगारा होता. या डॉक्टराने रोग्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, सारे टिपून ठेवले. मरण कोठून येते हे त्याने हुडकून काढले आणि रक्तदाबावर वापरात असलेली प्रॅझोसिन नावाची स्वस्त गोळी देऊन पाहिली. विषबाधा झालेल्यांपैकी पूर्वी शेकडा चाळीसपर्यंत दगावत. ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. 'लॅन्सेट' या विलायतेतील नामांकित वैद्यकीय पत्राने त्यांचे लेख छापले, आणि २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे सारे कोठे सुरू झाले? थंडगार हवेच्या पंचतारांकित इस्पितळात नव्हे. ज्यास आपण "काही खरे नाही" म्हणून नावे ठेवतो, तशाच एका दवाखान्यात. कारण उघड आहे. विंचू डसतो तो भारा उचलणाऱ्यास, आणि त्याच्यापाशी पैसा नसतो. ज्यात पैसा नाही त्या दुखण्याकडे बाजार पाहील कशाला?

याच बावस्करांनी पुढे दुसरेही कुलूप उघडले. रोगी तपासणीस पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राने त्यांस १,२०० रुपयांचा चेक धाडला. त्यांनी तो परत केला आणि २०१३ साली ही गोष्ट चव्हाट्यावर मांडून रीतसर तक्रार केली. चिठ्ठी लिहिणाऱ्यास कमिशन पोहोचते, आणि ते आपल्याच बिलातून निघते. पूर्वी ग्रह फिरले म्हणून दक्षिणा द्यावी लागे. आता यंत्र फिरते म्हणून द्यावी लागते. सगळेच खाजगी डॉक्टर असे आहेत असे मी म्हणत नाही. मध्यरात्री दार ठोठावले असता उठून येणारा, उधारीवर सुई टोचणारा डॉक्टर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला आहे. पण तो भला असणे हा आपला हक्क नव्हे, नशीब आहे.

आता थोडे आकडे. २०१७-१८ साली सरकारी पाहणी झाली. बाळंतपण सोडून खेड्यातील माणूस एकदा इस्पितळात दाखल झाला तर सरकारीत सरासरी ४,२९० रुपये व खाजगीत २७,३४७ रुपये खर्च येई. म्हणजे सहा पटींहून अधिक. २०२१-२२ साली देशात औषधोपचारावर झालेल्या दर शंभर रुपयांतील ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून दिले. २०१३-१४ साली हाच आकडा ६४ होता, तेव्हा काही सुधारणा झाली हे कबूल. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारने असे लिहिले होते की, २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या शेकडा अडीच इतका पैसा सरकार आरोग्यावर घालील. २०२१-२२ साली तो १.८४ होता. फुकट औषध म्हणजे सरकारची दया, असे कोणी समजू नये. साबणाच्या वडीवर, गाडीतल्या पेट्रोलवर, मुलाच्या वहाणेवर आपण कर भरतो. दवाखान्याचे बिल आपण आधीच भरलेले आहे. खाजगीत गेलो की तेच दुसऱ्यांदा भरतो.

आणि आपल्या बापजाद्यांना कबूल काय झाले होते? १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला. पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्यातले मुख्य सूत्र. दहा ते वीस हजार वस्तीस पंचाहत्तर खाटांचे इस्पितळ असावे, असे त्यांनी पुढच्या काळासाठी योजिले होते. आज सपाटीवर तीस हजार वस्तीस एक आरोग्य केंद्र आणि खाटा पाच-सहा. बाकीच्या खाटा कोठे गेल्या हे विचारण्याची आपणांस कधी आठवणही झाली नाही.

आता म्हणतील, कार्ड आहे ना! आहे. त्यावर जोतीराव फुल्यांचे नाव आहे, आणि जुलै २०२४ पासून कुटुंबास सालाचे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात मंजूर आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, अशा वेळी ते घर बुडण्यापासून वाचविते. ज्यांनी काढले नसेल त्यांनी काढावे. परंतु कार्ड बहुतेक करून खाट धरल्यावरच चालते. रोजची रक्तदाबाची गोळी, पोराचा ताप, म्हातारीचा खोकला यांस ते उपयोगी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोगी उचलून आपला मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात नेले, आणि त्यातच त्यांस मरण आले. त्या घराण्याचे नाव घ्यावयाचे तर आधी दवाखाना उघडा पाहिजे, कार्ड मागाहून.

खाजगीवर अंकुश नाही असेही नाही. धर्मादाय म्हणून सवलती घेणाऱ्या मोठ्या इस्पितळांनी शेकडा दहा खाटा निर्धनांस मोफत व दहा दुर्बलांस सवलतीने द्याव्यात, असा मुंबई हायकोर्टाच्या हुकमाने २००६ पासून नियम आहे. शुश्रूषागृहांनी रोग्याच्या हक्कांची सनद व दर दर्शनी भागात लावावेत, असा राज्याचा नियम २०२१ पासून आहे. कितीजणांनी ती पाटी वाचली? मी तरी त्या रात्री भिंत पाहिली नव्हती. वहिनीच्या गळ्याकडे पाहत होतो.

विलायतेत वेल्स प्रांती ट्रेडेगर नावाचे कोळसा-खाणीचे गाव होते. तेथील मजुरांनी पगारातून थोडे थोडे काढून आपला डॉक्टर व आपले इस्पितळ चालविले. त्याच गावचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्युरिन बेव्हन हा पुढे मंत्री झाला व ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या देशास करांच्या पैशातून मोफत दवाखाना दिला. आज तेथेही रांगा लांबल्या आहेत, तक्रारी आहेत. पण तेथे श्रीमंतही पुष्कळसे त्याच रांगेत उभे असतात, म्हणून तक्रार ऐकली जाते. आपल्याकडे पाटील, मास्तर, सोसायटीचे चेअरमन शहरात गेले. रांगेत उरला तो भूमिहीन आणि म्हातारी. त्यांच्याकरिता किल्ली कोण शोधतो?

तेव्हा माझे मागणे एवढेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरापासून सारे मोफत आहे. तेथे आपण सगळ्यांनी, ज्यांची ऐपत आहे त्यांनीसुद्धा, जाऊ लागावे. आणि गेल्यावर मुकाट बसू नये. प्रत्येक केंद्रास रुग्ण कल्याण समिती असते. २००७ पासून या राज्याच्या काही जिल्ह्यांत गावकऱ्यांनी दवाखान्यांवर देखरेख ठेवून जनसुनवाया भरविल्या, अधिकाऱ्यांस समोर बसवून जाब विचारला. आपणही महिन्यातून एकदा, बाजारच्या दिवशी, चार जणांनी केंद्रात जावे, कुप्या मोजाव्यात, रात्री किल्ली कोणाजवळ असते हे विचारावे व उत्तर फळ्यावर लिहवून घ्यावे. नर्सबाईशी भांडू नये. ती एकटी असते, आणि त्या रात्रीही तीच एकटी होती.

वही येथे ठेवली आहे. पहिले नाव माझ्या चुलतभावाचे आहे. पाय अजून ओढत चालतो, पण येतो म्हणाला.