न हटणारा नायटा

कोकणात पावसाळा लागला, की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे नायट्याचे रुग्ण वाढतात. रत्नागिरीजवळच्या गावातले एक बागायतदार काका असेच माझ्याकडे आले. कमरेला आणि मांड्यांवर तांबूस चट्टे, थोडी खाज. मी नायट्याचे औषध दिले. गुण येईना, म्हणून इसब समजून स्टेरॉइडचे मलम दिले. चट्टे दबत आणि पुन्हा उठत. यात दीड वर्ष गेले.

एकदा काकूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे दिवसभर उघड्या अंगाने बागेत राबतात. पाठीला काही नाही, चट्टे सगळे चड्डीखालीच. असं कसं हो?"

मी चपापलो. मलम काही आठवडे बंद ठेवून त्वचेचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवला. पहिल्या खेपेस काही ठरले नाही. दुसऱ्या खेपेस निदान झाले, मायकोसिस फंगॉइडिस.

नाव बुरशीचे असले, तरी हा बुरशीचा आजार नव्हे. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी १८०६ साली असा रुग्ण पाहिला. त्याच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या होत्या, त्यावरून पुढे हे नाव पडले. प्रत्यक्षात हा 'टी' लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, त्वचेत सुरू होणारा दुर्मीळ कर्करोग आहे. तो नायटा, इसब, सोरायसिस यांचे सोंग घेतो. सावळ्या अंगावर पांढुरके चट्टे आले, तर कोड किंवा कुष्ठरोगही वाटतो. ऊन न लागणाऱ्या भागावर तो बहुधा आधी दिसतो.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. सुरुवातीलाच ओळखला, तर मलमे आणि अतिनील किरणांचे उपचार यांनी बहुधा आटोक्यात राहतो. काकांचे चट्टेही किरणोपचारांनी ओसरले. तपासणी मात्र कायम चालू आहे.

"मग दीड वर्ष फुकट गेलं म्हणायचं?" काकांनी विचारले होते. "होय, आणि चूक माझी," एवढेच मी म्हणू शकलो.

श्रोतेहो, प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, घाबरू नका. पण दुकानातून मलम आणून चोळत बसू नका. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ साली झाला, तो उगाच नाही. त्यांनी चट्टा दबतो आणि निदान लांबते. काही महिने औषध घेऊनही चट्टा हटत नसेल, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा, "तुकडा तपासायचा का?" काकूंनी विचारले, म्हणून मी पुन्हा पाहिले.