नेमबाजाचे काडतूस : जोर नव्हे, सातत्य



इंदूरच्या राजवाड्यापासून काही कोसांवरील महू येथे लष्कराचे नेमबाजी पथक आहे. त्या पथकाचे विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या दोन्ही प्रकारांत वापरतात ते ५.६ मिलिमीटरचे, ‘पॉइंट टू टू’ नावाचे लहानसे काडतूस.

जोरकस काडतूस तेच उत्तम, हा समज चुकीचा आहे. जोर वाढला की धक्का वाढतो, हात उचलला जातो व पुढचा नेम लांबतो. रॅपिड फायरमध्ये तर अखेरच्या फेरीत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात.

म्हणून काडतुसाचे सातत्य पारखावे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पिस्तूल स्थिर आधारावर ठेवून प्रत्येक जातीच्या दहा गोळ्या झाडाव्यात. ज्यांची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील आणि जी पिस्तुलात अडकणार नाहीत, ती निवडावीत. एका पिस्तुलास मानवलेले काडतूस दुसऱ्यास मानवेलच असे नाही. एकाच कारखान्याच्या दोन खेपांतही फरक पडतो. यास्तव खोक्यावरील खेप क्रमांक पाहून सराव व स्पर्धा यांसाठी एकाच खेपेची काडतुसे घ्यावीत.

नवशिक्याने मात्र महाग काडतुसांच्या मागे लागू नये. शिक्षकांनी होतकरू मुलामुलींना प्रथम १० मीटरवरील हवेच्या पिस्तुलाकडे वळवावे. हात स्थिरावल्यावरच काडतुसाची निवड सार्थकी लागते.