चौदा नोव्हेंबर : एक तारीख, दोन दिवस



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावले की तो रक्तदाबावर बोलणार, असे सगळे धरून चालतात. मी आज एका तारखेवर बोलणार आहे. १४ नोव्हेंबर. या दिवशी आपल्याकडे बालदिन असतो आणि याच दिवशी जगभर मधुमेह दिन पाळतात. पहिला पंडित नेहरूंच्या जन्मदिवसामुळे, दुसरा फ्रेडरिक बॅण्टिंग या कॅनडातल्या डॉक्टरच्या. नेहरू १८८९ चे, बॅण्टिंग १८९१ चे. मधुमेह दिन १९९१ साली सुरू झाला आणि २००६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. या योगायोगात गूढ काही नाही. पण या दोन दिवसांना एकमेकांची ओळख नाही, ही मात्र मला गंभीर गोष्ट वाटते.

एका दिवसावर दोन-तीन सण येणे आपल्याला काही नवीन नाही. अक्षय्य तृतीयाच घ्या. ब्राह्मणाच्या घरी परशुराम जयंती, लिंगायत शेजाऱ्याकडे बसव जयंती, आमच्या जैनांकडे भगवान ऋषभदेवांचे पारणे. दीर्घ उपवासानंतर त्यांना हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला, ती ही तिथी. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची गडबडही त्याच सुमारास असते. आमच्या गल्लीत कोणाकडे काय आहे हे लहान पोरालाही ठाऊक असायचे, कारण त्यावरच त्याच्या हातात काय पडणार ते ठरायचे.

१४ नोव्हेंबरला काय होते? सकाळी शाळेत भाषणे, फॅन्सी ड्रेस आणि खाऊ. त्याच सकाळी दवाखान्यात मोफत साखर-तपासणी, तिथे रांगेत सगळे पन्नाशीच्या पुढचे. शाळेत मधुमेहाचे नाव निघत नाही आणि दवाखान्याच्या रांगेत मूल दिसत नाही. मधुमेह हा पिकल्या केसांचा रोग, हे आपण पक्के करून टाकले आहे.

आणि ज्याच्या जन्मदिवशी हा दिन पाळतात, त्या बॅण्टिंगच्या औषधाने पहिल्यांदा वाचले ते एक मूलच होते.

ती हकीकत थोडी सविस्तर सांगतो. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच नष्ट करते. याला टाइप वन म्हणतात. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईने लाड केल्यानेही होत नाही. १९२१ पर्यंत यावर उपाय एकच होता, उपासमार. मुलाला दिवसाला अगदी मोजके अन्न द्यायचे म्हणजे ते आणखी काही महिने तग धरते. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला बॅण्टिंगकडे नेले तेव्हा वय पंधराच्या घरात आणि वजन वीस किलोच्या आसपास. घरात काय कमी होते? पण तिला जेवू घालणे म्हणजेच तिला मारणे होते.

टोरांटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बॅण्टिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते फारसे साधले नाही. अर्क अशुद्ध होता. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला. या वेळी साखर उतरली. लेनर्ड आणखी तेरा वर्षे जगला. एलिझाबेथ तर १९८१ पर्यंत जगली. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, नोबेल मिळाले ते बॅण्टिंग आणि प्राध्यापक मॅकलाउड यांना. बॅण्टिंगने आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅकलाउडने कॉलिपला. पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. इन्सुलिनच्या आजच्या किमती पाहिल्या की तो डॉलर आठवतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. खानापूर बाजूच्या एका जैन कुटुंबातली आठ-नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. सारखी तहान, रात्री पाच-सहा वेळा लघवी, कधीच बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू, आणि दोन महिन्यांत फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलेला. आज्जीने कोणाची तरी नजर लागली असे ठरवले होते. लघवी तपासली आणि चिठ्ठी लिहून त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात पाठवले. आठवड्याने वडील परत आले. "डॉक्टर, तुमच्या गोळ्यांवर भागवा. त्या सुईत काय असतं ते आम्हाला कळलंय."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, कांदा चिरला जात नाही, त्या घराला हे इंजेक्शन रोज टोचायचे होते, तेही जन्मभर. मी त्यांना धर्म शिकवायला गेलो नाही. एवढेच म्हणालो, "काका, सुई थांबली तर पोर थोड्याच दिवसांत जाईल. त्या हिंसेचा हिशेब कुणाच्या नावे मांडायचा?" ते बराच वेळ बसून राहिले. मग मटक्यात इन्सुलिन कसे गार ठेवायचे ते विचारले. घरी फ्रिज नव्हता. पुढे जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन आले, १९८२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि यथावकाश आपल्याकडेही ते रुळले. ते आणून दिले तेव्हा आज्जी म्हणाल्या, "जिवाणू म्हणजे जीवच की हो." मला उत्तर सुचले नाही. मुलीने मात्र स्वतःच सुई टोचून घेतली आणि शाळेला गेली.

मी होमिओपॅथ आहे. १० एप्रिल, हानेमान यांचा जन्मदिवस, हा माझ्या घरी सणासारखा असतो. म्हणून हे माझ्याच तोंडून ऐका : टाइप वनच्या मुलाचे इन्सुलिन बंद करून आपल्या औषधावर या असे जो सांगेल, तो कोणत्याही पॅथीचा असो, त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका. आमच्या गोळ्यांनी नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. इन्सुलिन न मिळालेल्या मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास जोरजोरात आणि खोल चालतो, तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो. याला अपचन समजून लिंबूपाणी पाजत बसू नये. बोटातला एक थेंब आणि काही सेकंद, एवढ्यात ग्लुकोमीटर सांगतो.

शाळेतल्या बाईंनाही यातले थोडे ठाऊक हवे. सारखे पाणी पिणाऱ्या, सारखी बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी घरी निरोप द्यावा. आणि खाऊचे म्हणाल, तर आपण नेमके उलटे करतो. वर्गात सगळ्यांना पेढा, आणि मधुमेही मुलाला "तुला नको रे बाळा". अहो, डोस बेताने घेऊन ते मूल कुंदासुद्धा चवीपुरता खाऊ शकते. त्याची साखर अचानक उतरली, हात थरथरले, घाम फुटला, तर त्याला तिथल्या तिथे साखरच द्यावी लागते. शुद्धीवर असेतो लगेच द्यावी. अशा मुलाच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे. साखर त्याला मारते आणि साखरच त्याला वाचवते, हे चौथीतल्या सोबत्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

२०२० साली तर लक्ष्मीपूजनही १४ नोव्हेंबरलाच आले होते. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा, मध्ये बालदिन आणि मधुमेह दिन. ती मुलगी आता स्वतः आई आहे. त्या दिवशी तिने फोनवर विचारले, दोन करंज्यांना किती युनिट धरू? कालनिर्णयच्या पानामागे तिने लाडूचा, चकलीचा, शंकरपाळ्यांचा हिशेब लिहून ठेवला होता. तो मी माझ्या रुग्णांसाठी उतरवून घेतला.

आपल्या संस्थेत दरवर्षी बालदिनाचा कार्यक्रम होतोच. यंदा त्यात मला पंधरा मिनिटे द्यावीत आणि आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलवावे, एवढी विनंती मी अध्यक्षांना करतो. ग्लुकोमीटर मी घेऊन येईन, खाऊ तुमचा. नेहमीचाच ठेवा, बदलू नका.