आधी जागा बघा, मग बोर्ड करा

(बेळगावात तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले काहीजण दुकान उघडायच्या तयारीत आहेत, काहीजण बोर्डच्याच धंद्यात येऊ बघताहेत. मी बोर्ड करतो, इथंच बेळगावात. आज एकाच कामावर बोलणार आहे. बोर्ड बनवायच्या आधी जागेवर जायचं, मापं घ्यायची, भिंत तपासायची. साईट सर्व्हे म्हणतात तो हाच.

माझी पहिली मोठी ऑर्डर शहापुरातल्या एका मामांची. फोनवरच म्हणाले, "बारा बाय तीन हाय बघ. तू करून आण की." मीही करून नेला. शिडीवर चढलो तर वर बारा फूट, खाली शटरपाशी दोन इंच कमी! जुनी इमारत, कोपरा काटकोनात नव्हताच. तिथंच फ्रेम कापली. मग ड्रिल मारलं, तर भोकातून लाल माती गळायला लागली. वरून सिमेंटचा गिलावा, आत मातीत रचलेला जांभा. अँकर फास्टनर धरेचना. कसाबसा बसवला नि पैसे घेऊन आलो. जुलैतल्या एका रात्री एक कोपरा सुटला. सकाळी बोर्ड लोंबकळत होता आणि खालून शाळेची पोरं चालली होती. कुणाला लागलं नाही, ते नशीब. खरं त्या दिवसापासून जागा बघितल्याशिवाय मी ऑर्डर घेत नाही.

वाऱ्याचा हिशेब लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची होती, होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं. आपला बोर्ड लहान असतो, खरं त्याच्याखालीही माणसंच उभी असतात.

तेव्हा काय काय बघायचं? रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. दोन्ही कर्णही मोजा. भिंत ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर मालकाला विचारून एक लहान भोक पाडून आतलं बघा. शटर पूर्ण वर गुंडाळून बघा. विजेची तार किती जवळून जाते, छपराचं पाणी कुठं पडतं, लाईटची वायर कुठून आणायची, हे लिहून घ्या. पश्चिमेचं ऊन येत असेल तर लाल रंग लवकर उडतो, तेही मालकाला सांगा. परवानगी आणि आकाराचे नियम पालिकेत आधीच विचारा.

आता अक्षरांचं बघू, कारण आपल्याकडं खरी गल्लत इथंच होते. साधा आडाखा असा: दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर. गिऱ्हाईक 80 फुटांवरनं वाचणार असेल तर 8 इंच पाहिजेत. खरं हा आडाखा इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा. 'मूर्ती' लिहून बघा. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. मूळ अक्षर 8 इंचांचं ठेवलं तर पूर्ण ओळीला निदान 12 इंच लागतात.

2024 च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असावं लागतं. 3 फुटी बोर्डची उंची 36 इंच. कन्नडला साधारण साडेएकवीस गेले, उरले 14 इंच आणि वर थोडं. त्यात मराठीची एकच ओळ नीट बसते. मालक म्हणतो, "खाली इंग्रजीतही नाव घाल, मोबाईल नंबर घाल, देवाचा फोटो घाल." ते सगळं घातलं की मराठी नाव 3 इंचांवर येतं. म्हणजे 30 फुटांपलीकडनं वाचायचं विसरा. मग आपण दोष नियमाला देतो. नियमावर आपलं जे म्हणणं आहे ते आहेच, खरं उरलेल्या 14 इंचांची वाट आपणच लावलेली असते.

म्हणून रस्त्यापलीकडं जा. माणूस जिथं उभा राहून वाचणार तिथून अंतर मोजा, फोटो काढा. दिवेलागणीला परत एक फेरी मारा. झाडाची फांदी किंवा शेजारचा बोर्ड आड येतो का, हे फोटोतच मालकाला दाखवा. नंबर काचेवर लावायला सांगा. बहुतेकजण ऐकतात, फोटो समोर असला की वाद होत नाही.

आणि या फेरीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा. लाजू नका. फ्रेम परत कापायची, शीट परत आणायची, माणसं परत न्यायची, त्यापुढं ती रक्कम काहीच नाही. त्या मामांचा बोर्ड मी दुसऱ्यांदा माझ्या खर्चानं बसवला. त्यातनं मला काय मिळालं ते तुम्हाला आज फुकटात सांगितलं.