दोलामुद्रिते आणि त्यांची बांधणी



एकदा छापले म्हणजे पुस्तक टिकले, असा आपला समज असतो. तो किती फसवा आहे, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'वरून दिसून येते. हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. भाविकांनी उतरून ठेवलेल्या हस्तलिखितांमुळेच हे काव्य बचावले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापता आले.

मुद्रणकला पाळण्यात असतानाच्या ग्रंथांना 'दोलामुद्रिते' असे समर्पक नाव आहे. मराठीत सर्वसाधारणपणे १८६७ पर्यंतची पुस्तके या वर्गात मोडतात. कारण त्या वर्षीच्या कायद्याने पुस्तकांची नोंदणी बंधनकारक झाली. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापलेले विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण, त्याच वर्षी मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली गीता आणि १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापलेले पंचांग, हे या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे होत.

या ग्रंथांचे बाह्यरूपही इतिहासच सांगते. काही ग्रंथ जुन्या पोथीप्रमाणे आडव्या, सुट्या पानांचे आहेत. असे ग्रंथ फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधण्याची रीत होती. काहींत घडी घातलेले फर्मे दोऱ्याने शिवून कण्यावर चामडे चढविलेले असते. पोथी वाचणारा समाज पुस्तकाकडे कसा वळला, हे या बांधणीवरून उमगते.

दुर्दैवाने, दुरुस्तीच्या नावाखाली हा पुरावा नष्ट होतो. नव्या बांधणीसाठी कडा कापल्या की समासातील टिपा जातात. जुना पुठ्ठा फेकला की त्यावरील मालकाचे नाव जाते. खळीमुळे कसर लागते, चामड्याचा भुगा होतो आणि चिकटपट्टीचे डाग कायमचे राहतात. म्हणून जाणकारांचा दंडक असा, की पुढे उलगडता येईल तेवढीच दुरुस्ती करावी. फडताळातून पुस्तक काढताना कण्याचे टोक ओढू नये. जीर्ण प्रत आम्लरहित कागदाच्या पेटीत आडवी ठेवावी आणि सुटलेले तुकडे, जुना दोरासुद्धा, तिच्याबरोबरच जपावेत. संगणकावरील प्रतिमा मजकूर वाचवील. शिवण आणि कागदाचा पोत मात्र मूळ प्रतीतच राहतो.

रत्नागिरीच्या वाचनालयाची स्थापना १८२८ ची. अशी शतकाहून जुनी ग्रंथालये महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यांच्या माळ्यावरील एखादे गाठोडे रद्दीत घालण्यापूर्वी ते उघडून पाहावे. कदाचित त्यातली प्रत त्या ग्रंथाची शेवटचीच असेल.