आधी मध दाखवा



वैद्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. माझ्याहून विद्वान माणसे समोर बसली आहेत. मी वाईच्या एका बोळात दवाखाना चालवणारा माणूस. ग्रंथ शिकलो, पण शिकवले नाहीत. तेव्हा ही निवड माझ्या वयाकडे पाहून झाली असणार, असे धरून मी ती मान्य केली.

अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी आपली प्रथा. संयोजकांनी त्यासाठी टिपणही पाठवले होते. अभ्यासक्रमातले बदल, शासकीय योजना, औषधी वनस्पतींची लागवड, संगणकावरची नाडीपरीक्षा, असे सगळे त्यात आहे. टिपण उत्तम आहे. छापील प्रत तुमच्या पिशवीत आहे, ती सवडीने वाचा. मी मधाविषयी बोलणार आहे. आजवरच्या संमेलनांत मागच्या रांगेत बसून हा विषय कोणी काढतो का, याची मी वाट पाहिली. कोणी काढला नाही. आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात आहे.

आपल्या चिठ्ठ्या आठवून पाहा. सितोपलादि, मधातून. तालीसादि, मधातून. त्रिकटू, मधातून. दिवसभरात हा शब्द आपण इतक्यांदा लिहितो की लिहिताना पेन आपोआप चालते. चूर्ण कोणत्या कंपनीचे घ्यायचे ते आपण बजावून सांगतो, भस्म कुणाचे चांगले यावर तासभर वाद घालतो. मध कोणता, हे मात्र रोग्यावर सोडतो. रोगी किराणा दुकानात जातो आणि एकावर एक फुकट असेल ती बाटली उचलतो. चूर्ण आपले आणि अनुपान दुकानदाराचे, अशी ही चिकित्सा आहे!

ग्रंथकारांनी असा आळस केलेला नाही. चरकाचार्यांनी मधाचे चार प्रकार सांगितले, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक. सुश्रुताने आठ सांगितले. दोघांनी वर्गवारी केली ती माशीवरून. रंगही दिले. माक्षिक तेलासारखा, पौत्तिक तुपासारखा, क्षौद्र कपिल, भ्रामर पांढुरका. माक्षिक श्रेष्ठ. मध रूक्ष, लेखन म्हणजे खरवडणारा, जखम स्वच्छ करणारा, ती भरून आणणारा, आणि ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचे गुण वाहून नेणारा, म्हणजे योगवाही. हे सगळे आपण परीक्षेला पाठ केले. आता मी एक साधा प्रश्न विचारतो, हात वर करायची गरज नाही. आपल्यापैकी कितींनी आग्या मोहोळाचा आणि सातेरी माशीच्या पेटीतला मध शेजारी शेजारी ठेवून चाखला आहे? जांभळाचा कोणता आणि हिरड्याचा कोणता, हे कितींना डोळे मिटून सांगता येईल?

माझे गुरुजी सांगत. त्यांच्या फडताळात चिनीमातीच्या बरण्या असत आणि प्रत्येक बरणीच्या गळ्यात दोऱ्याने कागद बांधलेला असे. त्यावर फुलोरा, महिना आणि मध आणणाऱ्याचे गाव. कारवी फुलली की त्या वर्षीची बरणी वेगळी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे ती बरणी ते जपून वापरत. कफाच्या रोग्याला कोणती आणि अशक्त पोराला कोणती, हे ठरलेले असे. मध आणणारा माणूस ओसरीवर बसे, गुरुजी बोटावर थेंब घेत, जिभेवर फिरवत आणि कधीकधी अख्खा डबा परत पाठवत. आज अशी ओसरी राहिली नाही आणि डबा परत पाठवणारी जीभही दुर्मीळ झाली.

त्यांच्या मागे लागून मी जावळीच्या खोऱ्यात एका मधपाळाकडे गेलो होतो. त्याने पेटीतली चौकट उचलून उन्हात धरली. वरच्या घरांवर मेणाची पातळ पांढरी झाकणे बसलेली, खालची घरे उघडी. तो म्हणाला, “वैद्यबुवा, हे झाकलेलं पिकलंय. खालचं कच्चं, त्याला हात लावायचा न्हाई.” माश्या पंखांनी वारा घालून मकरंदातले पाणी उडवतात. ते साधारण अठरा-वीस टक्क्यांवर आले की घर मेणाने बंद करतात. कच्चा काढला तर मध आंबतो, बाटलीचे झाकण फट्‌कन उडते आणि आंबूस वास येतो. त्याने सुरीने झाकणे खरवडली, चौकट यंत्रात घालून फिरवली आणि धार पातेल्यात पडू लागली. या अर्ध्या तासात मधाविषयी जे कळले, ते मला पदवीच्या पाच वर्षांत कळले नव्हते.

आता आपल्यातल्या वादांकडे येतो. दरवर्षी परिसंवादात ते उगाळले जातात, म्हणून आज त्यांचा निकाल लावून टाकू.

पहिला वाद, तापवलेला मध विष की निरुपद्रवी? आमच्याकडे एक बाई येत. त्यांच्या मधात रवा धरला. भेसळ आहे असे समजून त्या अस्वस्थ झाल्या आणि शेजारणीच्या सल्ल्याने बरणी कुकरमध्ये, डाळीच्या डब्याशेजारी ठेवून तीन शिट्या काढल्या. मग ती बरणी माझ्याकडे आणली. मध काळपट झाला होता, करपलेल्या गुळासारखा वास येत होता. विषबाधा झाली म्हणून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले नाही. पण तो मध मी औषधात वापरू दिला नाही. रवा धरणे हा मधातल्या ग्लुकोजचा स्वभाव आहे. ती बरणी कोमट पाण्यात ठेवली असती तरी भागले असते. मोहोळात माश्या पिल्लांच्या भागात पस्तीस अंशांच्या आसपास उष्णता राखतात. त्याच्या फार वर गेलात की माशीने घातलेली ग्लुकोज ऑक्सिडेजसारखी विकरे निकामी होऊ लागतात आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढू लागते. आचार्यांनी उष्णतेशी मधाचे वैर सांगितले, वमन म्हणजे उलटी करवणे आणि निरूह म्हणजे काढ्याची बस्ती, एवढेच अपवाद ठेवले. तापवलेला मध एका दिवसात मारत नाही, पण तो औषध राहत नाही. वाद संपला.

दुसरा वाद वजनाचा. सकाळी उकळते पाणी, त्यात लिंबू आणि दोन चमचे मध. हे खूळ कुणी काढले ते देव जाणे. आमच्या पेठेतले एक गृहस्थ वर्षभर हे घेत होते. वजन वाढले, वर छातीत जळजळ. “मध तर लेखन करतो ना?” म्हणाले. करतो, पण जुना! नवा मध बृंहण म्हणजे पुष्टी करणारा आणि पुराण मध मेद खरवडणारा, असे ग्रंथ सांगतात. भावप्रकाशात वर्ष उलटले की मध पुराण मानला आहे. आता बाटलीवर मध कधी काढला हे लिहिलेले नसते, कधी भरला हे लिहिलेले असते. शिवाय मध जुना होताना एचएमएफही वाढते, हे प्रयोगशाळा सांगते. म्हणजे जुना मध कसा साठवावा, हा खरा संशोधनाचा विषय आहे. महाविद्यालयांनी त्यावर काम करावे. कसे करावे ते प्राध्यापक मंडळी ठरवतील.

तिसरा वाद मधुमेहाचा. एक निवृत्त शिक्षक मोठ्या अभिमानाने म्हणाले, “साखर कायमची सोडली. आता चहात मध घालतो.” दोन पापे एका पेल्यात! मधात निम्म्याहून जास्त भाग फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांचाच असतो. प्रमेहात मधाचे वर्णन आहे म्हणून मधुमेह्याने चमचे भरभरून मध खावा, असा अर्थ काढणाऱ्याने रोग्याची रक्तातली साखर आधी पाहावी. जांभळाचा मध मधुमेहावर औषध म्हणून विकणाऱ्यांच्या पाट्या महाबळेश्वरच्या रस्त्यावर भरपूर आहेत. जांभूळ गुणी आहे, मधही गुणी आहे, त्या पाट्या तेवढ्या गुणी नाहीत.

चौथा वाद सगळ्यांत कडू. नवजात बाळाला मध चाटवावा का? जन्मानंतरच्या जातकर्म संस्कारात मध आहे, हे मला कोणी शिकवू नये. तरीही माझ्या दवाखान्यात एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मिळत नाही. एका आजीबाईंनी बोट मधात बुडवून नातवाच्या तोंडाशी नेले, मी ते हाताने धरले. त्या रागावून निघून गेल्या आणि माझ्यावर शास्त्रद्रोहाचा ठपका आला. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांची आतडी त्यांना दाद देत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू ढिले पडतात. 1976 पासून हा आजार वैद्यकाला ठाऊक आहे. आपली परंपरा टिकवायची असेल तर आधी बाळ टिकले पाहिजे. या मुद्द्यावर मी चर्चा करणार नाही.

माझ्या बोलण्यावरून मी मधाचा शत्रू आहे, असे कोणी समजू नये. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांवर मधाचा आणि सिल्व्हर सल्फाडायझिन या मलमाचा तुलनात्मक अभ्यास केला. तो 1991 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापून आला आणि मधाच्या बाजूने निष्कर्ष निघाला. जगभरच्या शोधनिबंधांत त्याचा उल्लेख होतो, आपल्या परिसंवादांत होत नाही! मध आम्ल आहे, पाणी शोषून घेतो, आणि जखमेच्या ओलाव्याने पातळ झाला की त्याच ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. शोधन आणि रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि भरून आणणे, हे गुण इथे डोळ्यांना दिसतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यानेही वरवर भाजलेल्या जखमा मधाने काही नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा लवकर भरतात, हे मान्य केले. इतर बऱ्याच जखमांबाबत पुरावा अपुरा आहे, असेही त्यात म्हटले आहे आणि तेही आपण ऐकले पाहिजे. खोकल्यासाठी तर ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने 2018 मध्ये प्रतिजैविकांच्या आधी मध सुचवला. पण जखमेवर वापरायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, न तापवता. किराणा दुकानातली बाटली जखमेवर ओतायची नसते.

आणि त्या बाटलीत मध असतो तरी का? डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँडचे मध तपासले. जर्मनीतल्या एनएमआर चाचणीसह सगळ्या चाचण्यांत फक्त 3 ब्रँड टिकले. कंपन्यांनी आरोप नाकारले. तांदळापासून केलेला साखरेचा पाक साध्या चाचण्यांना चकवण्यासाठीच घडवला जातो, हे तेव्हा लोकांना कळले. मध पाण्यात टाकून पाहा, काडीला लावून पेटवा, टीपकागदावर थेंब टाका, कुत्रे चाटत नाही तो खरा, हे सगळे उपाय त्या पाकापुढे हात टेकतात. तरीही आपल्यातले काही वैद्य आजही रोग्यांना हेच उपाय सांगतात.

याचा फटका मधपाळाला बसतो. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरात राज्याचे मध संचालनालय आहे. तिथल्या मांघरला 2022 मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून मान मिळाला. या संमेलनातले किती वैद्य त्या गावी मध घ्यायला गेले? पर्यटक जातात. पाकाच्या भावाशी खऱ्या मधाला टक्कर द्यावी लागते, मग मधपाळाची पोरे पेट्या विकून पुण्याला जातात. आपण खरेदीदार म्हणून उभे राहिलो असतो तर यातले काही तरी वाचले असते. आम्ही निसर्गाचे उपासक म्हणवतो आणि माशीकडे कानाडोळा करतो.

उपाय सांगा, असे म्हणाल. वैद्यांनी तालुकावार एकत्र येऊन मधपाळांशी थेट व्यवहार करावा, नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, बरणीवर फुलोरा आणि महिना लिहावा. त्यासाठी एक समिती करावी. तिचा आराखडा, खर्च आणि नियम पुढच्या संमेलनात मांडता येतील. ते मांडायला मी असेन किंवा नसेन, तरुणांनी ते अंगावर घ्यावे.

एवढी एक मागणी मात्र आजपासूनच अमलात येऊ शकते, तिला समिती लागत नाही. दवाखान्यात स्वतः पारखलेल्या मधाची एक बरणी ठेवा. रोग्याला चिठ्ठी देण्याआधी ती त्याला दाखवा, चाखवा, कुठून आणली ते सांगा. ज्या वैद्याला हे जमत नसेल, त्याने मधाचे नाव लिहू नये. त्याने कोमट पाण्याबरोबर घ्या, असे लिहावे. निदान त्यात भेसळ कमी असते.